न मोजलेली कोकरं

"बसल्या जागी काय कळतंय व्हय?"

मायाक्का हे दिवसातून दहादा म्हणायची. भाकरी थापताना म्हणायची, तहसीलच्या दारात म्हणायची. एकदा लग्नाच्या मांडवात, नवरा-नवरी पाटावर बसलेली असताना म्हणाली, तेव्हा सगळा मांडव हसला. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ती उभी बाई होती. जेवतानाही एक गुडघा टेकलेला आणि दुसरं पाऊल उठायच्या तयारीत. लोकर कातायची चाती हातात सदा गरगरत असायची आणि डोळे त्या चातीपेक्षा जास्त फिरायचे.

मंद्रूपच्या पुढं, सीनेच्या अंगाला, जमीन काळी आणि उघडी आहे. हिवाळ्यात ज्वारी कमरेच्या वर येते, वारा तिच्यातून जातो आणि लांबून नदीच वाहते आहे असं वाटतं. पीक निघालेल्या रानांत मायाक्काचा तळ पडायचा. दोन घोडी, चार बिऱ्हाडं, आणि जाळीच्या कुंपणात, म्हणजे वाघरीत, दाटीनं उभा असलेला कळप. शेतकरी बोलवायचे, कारण चार दिवस मेंढरं बसली की रानाला दोन वर्षांचं खत मिळतं. नवरा बिरप्पा वारल्यापासून निम्मा कळप तिचा आणि निम्मा तिच्या दिराचा, धनाजीचा. तळ मात्र एकच.

ती आपली मेंढरं कधी मोजत नसे. त्यांच्यात, मेंढरं राखणाऱ्यांत, मोजायचीच नसतात. संध्याकाळी कळप वाघरीत शिरताना ती तोंडाशी उभी राहायची आणि तोंडं बघायची. मोरी आली, कानतुटकी आली, भुरी आली. एखादं कमी असलं, तर कालवणात मीठ नसल्यासारखं तिला लगेच कळायचं. किती आहेत असं कुणी विचारलं, तर ती म्हणायची, "हायती की. दिसत न्हाईत व्हय?"

गेलेल्या जनावराचा नियम याहून कडक होता. ज्या दिवशी जनावर गेलं, त्या दिवसाचा सूर्य मावळला की त्याचं नाव पुन्हा घ्यायचं नाही. घेतलं, तर ते कळपातून आणखी एकाला बोलावतं. हे तिला सासूनं सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं.

दिवाळीनंतर कोकरं जन्मली. अशी गुटगुटीत की घोडीसुद्धा त्यांच्याकडं वळून बघायची. विसाव्या-बाविसाव्या दिवशी एक कोकरू सकाळी उठताना मागच्या पायांवर बसलं ते बसलंच. पुढचे पाय उभे, तोंड आईकडं, आणि कंबर मातीला चिकटलेली. दुसऱ्या दिवशी गेलं. मग दुसरं. मग एकाच दिवशी तीन. सगळ्या लसी दिलेल्या होत्या, तरी गेली. जुन्या लोकांनी या रोगाला कंबरमोडी नाव दिलं होतं. त्यांच्याजवळ त्या रोगाला द्यायला नाव सोडून दुसरं काही नव्हतं.

त्याच दिवसांत टॅबलेट घेऊन पाहणीवाला आला. तो बिरप्पाच्या जुन्या बाजेवर बसला, चहा प्याला आणि विचारू लागला, "या हंगामात कोकरं किती मेली?"

धनाजी म्हणाला, "बिरोबाच्या कृपेनं समदं ब्येस हाय."

"म्हणजे एकही नाही?"

"समदं ब्येस हाय म्हनलं की."

पाहणीवाल्यानं मायाक्काकडं बघितलं. त्याच सकाळी चांदी नावाच्या मेंढीचं कोकरू गेलं होतं आणि वाघरीमागं खड्ड्यावरची माती अजून ओली होती. पण दिवस मावळला होता. ती म्हणाली, "व्हय, ब्येस हाय." त्यानं बोटानं काचेवर काहीतरी दाबलं आणि पुढच्या तळाकडं गेला. तिथंही त्याला तेच उत्तर मिळालं असणार.

*

मायाक्का समितीवर कशी गेली, ती गोष्ट छोटी आहे. जिल्ह्यात जनावरांवरच्या संशोधनासाठी एक निधी होता. कुठल्या संशोधनाला पैसा द्यायचा, हे ठरवायला सात जणांची समिती होती. त्या वर्षी वरून कागद आला की दोन माणसं प्रत्यक्ष मेंढरं राखणारी घ्या, त्यातली एक बाई. बाई कोण? पंचायतीनं मायाक्काचं नाव दिलं, कारण अडलेली मेंढी सोडवायला पाच कोसांवरून तिला बोलावणं यायचं.

धनाजीला भारी मौज वाटली. "वैनी, आता खुर्चीवर बसायचं. पाय लोंबतील तुमचं."

"लोंबूद्यात की. पाय हायती म्हणून लोंबतील. तुमचं डोस्कं लोंबतंय, त्याचं बघा."

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या एका सरकारी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर बैठक भरायची. अध्यक्ष उदयसिंह साहेब, निवृत्त प्राध्यापक. आकड्यांचा माणूस, पण मनानं सरळ. मेंढपाळांचा दुसरा माणूस माढ्याकडचा महेश्वर. त्याचा कळप फिरायचा नाही. पत्र्याच्या गोठ्यात पन्नास मेंढे बांधून घालायचे आणि बकरी ईदला विकायचे. त्याच्या हातात दोन फोन होते आणि दोन्ही वाजायचे.

बरेचसे प्रस्ताव गळून शेवटी दोन उरले. एक, जातिवंत मेंढे आणून वजन वाढवायचं. दोन वर्षांचं काम, फळ ठरलेलं. दुसरा, कोकरं कमरेत का बसतात ते शोधायचं. तीन वर्षं, आणि सापडेलच अशी हमी नाही. पैसा एकालाच पुरेल एवढा.

दुसरा प्रस्ताव दानेश्वरीचा होता. ती अक्कलकोटकडची, जनावरांची डॉक्टर, वय तीसच्या आत. घरात कानडी बोलायची आणि घाई झाली की मराठीतही कानडी घालायची. नोव्हेंबरात ती मायाक्काच्या तळावर आली होती. चिखलात गुडघे टेकून तिनं बसलेल्या कोकराचं रक्त घेतलं, माती घेतली, मेंढीचं दूध घेतलं. मायाक्कानं तिला चहा दिला तो तिनं उभ्यानंच घेतला. तेवढ्यानं ती मायाक्काच्या मनात बसली.

शेवटच्या बैठकीच्या आदल्या दिवशी ती पुन्हा आली. तोंड उतरलेलं.

"अक्का, पाहणीचे कागद आले."

"मग?"

"सगळ्या तालुक्यात मिळून अकरा कोकरं मेली म्हणे. अकरा! मी म्हणते रोग आहे, कागद म्हणतो रोगच नाही. उद्या मी काय तोंडानं बोलू?"

मायाक्काच्या हातातली चाती थांबली. अकरा. तेवढी तर तिच्या एकटीच्या वाघरीमागं... आणि तिथं तिनं स्वतःच्या मनाला लगाम घातला. मनातसुद्धा पुढं जायचं नव्हतं.

"आमच्यात सांगत न्हाईत," एवढंच ती म्हणाली.

"सांगत नाहीत? मग मी शोधू कशाच्या जोरावर?" दानेश्वरीचा आवाज चढला, मग खाली आला. "पैसा देणारे कागदावरचं बघून देतात, अक्का. कागदावर तुमची कोकरं जिवंत आहेत."

ती गेली. मायाक्का त्या संध्याकाळी वाघरीभोवती फिरत राहिली. एक फेरी, दुसरी, दहावी. घोडीनं कान टवकारले. धनाजी म्हणाला, "वैनी, काय हरवलंय का?" तिनं सांगितलं. लपवायचं तिला कधी जमलं नाही.

धनाजी उठून उभा राहिला. "तितं जाऊन नावं घेणार? चार परक्या मानसांत?"

"घेतली न्हाईत तर फुडल्या सालीबी जातील की."

"आन घेतली तर ह्याच साली जातील. माजी जितराबं बी ह्याच वाघरीत हायती, वैनी. तुमच्या एकटीची न्हाईत."

तो खोटं बोलत नव्हता.

*

बैठक अकराला सुरू झाली. पंखे फिरत होते आणि कागदांवर पेपरवेट. मायाक्का खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती. दर थोड्या वेळानं उठून खिडकीशी जायची आणि परत यायची. पहिल्या बैठकीत लोकांनी एकमेकांकडं बघितलं होतं. आता सवय झाली होती.

दानेश्वरीचं सांगून झालं. महेश्वर फोन उलटा ठेवत म्हणाला, "डाक्टरीणबाई, राग मानू नका. तीन वर्षं शोधनार, आन शेवटाला म्हननार, सापडलं न्हाय. मग?"

"मग म्हणेन, सापडलं नाही. पण कशामुळे होत नाही, एवढं तरी कळलेलं असेल."

"त्येवढ्यावर काय आमी कालवन करायचं?"

दोघंतिघं हसले. उदयसिंह साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "मला एवढंच सांगा. हा पैसा लोकांचा आहे. लोकांची गरज काय, हे मी इथं बसून कसं ठरवायचं? म्हणून आपण पाहणी केली. पाहणीत कोकरं मेलेलीच नाहीत. मी माझ्या मनानं कशी मारू?"

"पाहनी खोटं बोलतीया," मायाक्का खिडकीपासून म्हणाली.

"पाहणी खोटं बोलत नाही, बाई. कुणीतरी सांगितलेलं लिहिते. खोटं कुणी सांगितलं?"

"मी."

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला.

तिनं सगळं सांगितलं. पाहणीवाला आला, दिवस मावळला होता, चांदीचं सकाळीच... आणि तिथं ती अडली. उदयसिंह साहेब हळू म्हणाले, "मायाक्काबाई, पुढं बोलायच्या आधी ऐका. तुमच्या कळपातली हकीकत पुरावा म्हणून नोंदवली, तर तुमचा यात हितसंबंध आला. मग मताच्या वेळी तुम्हाला बाहेर जावं लागेल. नियम आहे. गप्प राहिलात, तर तुमचा हात मतात धरला जाईल. विचार करा."

"म्हंजी ज्याचं मरतंय त्यानं भाईर जायचं, आन ज्याचं काय जात न्हाय त्यानं हात वर करायचा?"

"ज्याचं मरतंय तो आपलंच मरण मोठं मानतो. मीही मानीन. अकरा तालुक्यांतून कागद आलेत. कुठं गाईंचं दूध आटतंय, कुठं शेळ्या गाभण राहत नाहीत. त्यांचं इथं कुणीच नाही."

तिला ते पटलं नाही आणि ते चूक आहे असंही म्हणता येईना. ती खिडकीपाशी गेली. खाली रस्त्यावर रिक्षा, उसाचा ट्रॅक्टर, कुणीतरी कुणाला शिव्या देत होतं. सातांतला एक हात तिचा. गप्प राहिली तर तो वर होईल, पण एकटाच होईल. बोलली तर तो हात जाईल, आणि वाघरीत काय होईल ते बिरोबाला ठाऊक.

ती वळली. पदर डोक्यावर घेतला.

"मोरीचं," ती म्हणाली. "मोरीचं दुसरं. कानतुटकीचं. भुरीचं, पाठीवर ठिपका हुता त्ये. लांडीची जुळी. चांदीचं. बांडीचं..."

ती सावकाश बोलत होती. प्रत्येक नावामागं थोडी थांबत होती, कारण प्रत्येकाचं तोंड डोळ्यांपुढं यायचं आणि ते गेल्याशिवाय दुसरं येत नसे. उदयसिंह साहेबांच्या हातानं, त्यांना नकळत, कागदावर उभ्या रेघा ओढायला सुरुवात केली होती. दानेश्वरी मान खाली घालून बसली होती. महेश्वरचा फोन वाजला. त्यानं तो बंद केला.

"...पवळीचं. संपलं."

"सत्तावी..." साहेब म्हणू लागले.

मायाक्कानं दोन्ही कानांवर पदर दाबला. "आकडा बोलू नगा! पाया पडते, साहेब. लिवलाय त्येवढा बास."

त्यांनी कागद पालथा घातला.

मग ती महेश्वरकडं बघून म्हणाली, "आन ह्येंच्या गोठ्यात त्ये नवं मेंढं येनार न्हाईत व्हय? कागदात नाव हाय न्हवं ह्येंचं?"

साहेबांनी मेंढ्यांच्या प्रस्तावाचा कागद काढला, वाचला. "आहे. महेश्वरराव, तुम्हीही बाहेर."

*

व्हरांड्यात बसू नावाच्या शिपायानं दोन खुर्च्या टाकल्या. महेश्वर एकीवर बसला. दुसरी रिकामी राहिली. मायाक्का या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती, आणि बसूची मान तिच्याबरोबर इकडून तिकडं वळत होती.

"बसा की वो बाई. फरशी झिजंल," महेश्वर म्हणाला.

"झिजूदे. सरकारची हाय."

तो हसला. थोड्या वेळानं म्हणाला, "एक बोलू? आता आत पाच जनं हायती. एकाकडंबी मेंढरू न्हाय. एकाकडं कुत्रं हाय, परदेशी."

"मग तुमी आत असता तर काय केलं असतं?"

"मी माज्या मेंढ्यांकडनं हात वर केला असता," तो सरळ बोलला. "आन तुमी तुमच्या कोकरांकडनं. साहेबाचं चुकतंय असं न्हाय मला म्हनता येत." मग आवाज खाली घेऊन, "माज्या गोठ्यातबी इकत आनलेली दोन कोकरं बसली हुती दिवाळीत. मीबी ब्येसच हाय सांगितलं."

मायाक्का थांबली. "मंग आत का न्हाय बोलला?"

त्यानं फोन चालू केला आणि त्यात बघत राहिला.

दार उघडलं. उदयसिंह साहेब स्वतः बाहेर आले, तशी जिन्याशी थांबलेली दानेश्वरीही जवळ आली. साहेब म्हणाले, "एका वर्षाचा पैसा देतोय, कोकरांसाठी. बाकीचा राखून ठेवलाय. पण अट आहे. एका तळावरून रोग सिद्ध होत नाही. महिन्याच्या आत आणखी दहा तळांवरची मेलेली कोकरं नोंदवून हवीत, मालकांच्या तोंडून, डॉक्टर दानेश्वरींसमोर. नाही झालं, तर सगळा पैसा मेंढ्यांच्या वजनाकडे जाईल."

"रोग महिना बघून येतो व्हय, साहेब?"

"रोग नाही बघत. पैसा बघतो."

दानेश्वरी तिच्या कानाशी म्हणाली, "अक्का, दहा तळ सांगतील का?"

मायाक्का जिना उतरायला लागली होती. "कोन सांगतंय," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा वाघरीत धनाजीची मेंढरं नव्हती. त्यानं पहाटेच आपली मेंढरं वेगळी काढून शंभर पावलांवर दुसरी वाघर लावली होती. बिऱ्हाडं एकत्रच होती, चूलही एकच, पण कळप दोन झाले होते. वीस वर्षांत हे पहिल्यांदा. मध्ये राहिलेल्या जागेत लेंड्यांचा काळा गोल तेवढा होता.

तिच्या वाघरीत काजळीचं कोकरू उठेना. मागास जन्मलेलं, अजून महिन्याचंही नव्हतं. पुढचे पाय ताठ, कंबर खाली.

धनाजी आला, वाकला, त्याच्या कमरेला हात लावला. "बगा. बलावलं का न्हाय?"

"परवा गेली, त्याच्या आदी गेली, त्यास्नी कुनी बलावलं हुतं, भावजी? तवा तर समदी ब्येस हाय म्हनत हुती."

धनाजीला राग होता, पण रागाच्या आत दुसरं काहीतरी चाललं होतं. त्यानं कोकरू उचलून मांडीवर घेतलं.

"मला दहा तळ पायजेत," ती म्हणाली. "तुमची वाघर आता न्यारी झाली. म्हंजी तुमचा तळबी न्यारा. पयला तुमी हुता का?"

"न्हाय."

"बरं."

"मी तोंड उघडनार न्हाय, वैनी. माज्या डोळ्यांदेखत माजा कळप बसलेला मला बगवनार न्हाय."

"म्या कुटं म्हनलं उघडा म्हनून? इचारलं, तुमी न्हाय म्हनलं. झालं की."

तिनं घोंगडं खांद्यावर टाकलं, फडक्यात दोन भाकरी बांधल्या. दानेश्वरीला फोन लावून म्हणाली की कालव्यापलीकडं बिरुदेवाच्या माळावर तीन तळ पडलेत, तितं ये, मी फुडं हुतीया. जरा थांबून फोनवर ओरडली, "गाडी माळाला लावू नगंस, चिखल हाय." फोन कमरेला खोचला. तिला आधीच उशीर झाल्यासारखं वाटत होतं, ते तिला जन्मभर वाटत आलं होतं. पण आज त्याला कारण होतं. तिथली माणसंही पाहणीवाल्याला ब्येस हायच म्हणाली असणार. कुणी हाकलून देईल, कुणी चहा देईल आणि गप्प बसेल. महिन्यात तीस दिवस, त्यातला एक उजाडलेला.

ती ज्वारीच्या बांधावरून निघाली. वारा समोरून होता, घोंगडं मागं उडत होतं. धनाजी कोकरू मांडीवर घेऊन बसल्या जागेवरून तिच्याकडं बघत होता. ती बांधाच्या टोकाला पोचली, कालव्याच्या वाटेला वळली, तसा तो एकदम उठून ओरडला,

"वैनी! कालव्यावरनं जाऊ नगा! काल पानी सुटलंय, फळी वाहून गेली! वरल्या अंगानं जावा, पुलावरनं!"

तिनं मागं न बघता हात वर केला आणि वाट बदलली. ज्वारी तिच्या खांद्यापर्यंत आली, मग डोक्यापर्यंत. धनाजी कोकरू छातीशी धरून उभा होता आणि कणसं जिथं हलत होती, तिथं बघत होता.